दोन सहा बत्तीस

मुंबईत एके काळी संध्याकाळचे सहा दोनदा वाजायचे. आधी बोरीबंदरच्या स्टेशनात आणि मग एकोणचाळीस मिनिटांनी क्रॉफर्ड मार्केटच्या मनोऱ्यावर. एका घड्याळाखालून दुसऱ्याखाली चालत जायला दहा मिनिटं पुरत. त्यामुळे स्टेशनातून सहाला निघालेला माणूस मार्केटात साडेपाचला पोचायचा. यात कुठलंही घड्याळ बिघडलेलं नव्हतं. स्टेशनातलं रेल्वेचं, ते सरकारी स्टँडर्ड टाइम दाखवायचं. मार्केटातलं म्युनिसिपालिटीचं, ते मुंबईची वेळ दाखवायचं.

आमच्याकडे हा इतिहास कुणी इतिहास म्हणून सांगितला नाही. तो अक्काच्या लग्नाच्या गोष्टीत यायचा. अक्का म्हणजे माझ्या आजीची थोरली बहीण. लग्नात आजी नऊ वर्षांची होती आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे त्या संध्याकाळी शुद्धीवर असलेली ती एकटीच होती. साल १९३५ की ३६ यावर घरात कधी एकमत झालं नाही. वैशाख होता, यावर मात्र आहे.

माझे पणजोबा म्युनिसिपालिटीत कारकून. गिरगावात फणसवाडीत दोन खोल्या, मधे चौक, चौकात मांडव. व्याही रेल्वेत, कल्याणला, क्वार्टरमध्ये राहणारे. दोघंही वक्तशीर, आणि खरी गोम तिथेच होती. पणजोबांचं खिशातलं घड्याळ कचेरीच्या घड्याळाशी रोज जुळवलेलं. व्याह्यांचं घड्याळ स्टेशनातल्या घड्याळाशी, तेही रोज, कारण गाडीशी गाठ. दोघांपैकी एखादा जरी गबाळा असता, तर ‘संध्याकाळी या’ एवढ्यावर लग्न सुखरूप पार पडलं असतं.

पत्रिकेवर छापलं होतं, सायंकाळी ६ वा. ३२ मि., गोरज मुहूर्त. कुठले सहा बत्तीस, हे छापलं नव्हतं. पणजोबांना ते छापावंसं वाटलं नाही, कारण गिरगावात सहा बत्तीस म्हणजे सहा बत्तीस. व्याह्यांना ते विचारावंसं वाटलं नाही, कारण कल्याणच्या रेल्वे क्वार्टरमध्येही सहा बत्तीस म्हणजे सहा बत्तीसच. तीन महिने पत्रव्यवहार चालला होता म्हणे. हुंडा, मानपान, विहिणीचं लुगडं, करवल्यांच्या परकरांचे खण, सगळ्याचा खल झाला. वेळेबद्दल अवाक्षर नाही.

आता ही एकोणचाळीस मिनिटं आली कुठून? पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. देशाची प्रमाणवेळ धरली आहे ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. ही रेषा मिर्झापूरजवळून जाते. मुंबई आहे ७२.८ अंशांवर. मिर्झापूरला सूर्य डोक्यावर आला की मुंबईच्या डोक्यावर यायला त्याला एकोणचाळीस मिनिटं लागतात. पूर्वी प्रत्येक गाव आपापल्या सूर्यावर चालायचं आणि कुणाचं काही अडत नव्हतं. पुणं मुंबईच्या चार मिनिटं पुढे होतं. पुणेकर याहून जास्तच सांगतील.

अडलं ते आगगाडीचं. प्रत्येक स्टेशनाची वेगळी वेळ धरून वेळापत्रक लिहायचं कसं? म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी हीच मद्रासवेळ मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांनाही लावली. पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच हे फर्ग्युसन. मुंबईकरांनी इतकी ओरड केली की १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सगळ्या देशाला एक स्टँडर्ड टाइम लावला. पण मुहूर्त चुकीचा निवडला. नुकतीच, ऑक्टोबर १९०५ मध्ये, बंगालची फाळणी झाली होती, स्वदेशीची हवा होती, आणि त्यात सरकार म्हणतं, तुमचं घड्याळ पुढे करा. त्या जानेवारीत काही हजार गिरणी कामगारांनी काम बंद केलं. त्यांचं गणित सोपं होतं. घड्याळ एकोणचाळीस मिनिटं पुढे म्हणजे गिरणीचा भोंगा एकोणचाळीस मिनिटं आधी, आणि अंधारात उठायचं ते त्यांनी. म्युनिसिपालिटीत फिरोजशहा मेहतांसारखा वजनदार माणूस बदलाच्या विरोधात उभा राहिला आणि बरीच वादावादी होऊन शहराच्या घड्याळांवर मुंबईची वेळच राहिली. ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं राहिली. कलकत्त्यानेही आपली वेळ अशीच धरून ठेवली होती. तिकडची स्टँडर्डच्या चोवीस मिनिटं पुढे.

पणजोबांना हे सगळं ठाऊक होतं. आजी म्हणायची, “अण्णा फिरोजशहांचं नाव घेताना टोपी सारखी करायचे.” आपली मुलगी रेल्वेच्या घरात दिली आहे, हेही त्यांना ठाऊक होतं. या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एकमेकींना भेटल्या नाहीत, एवढंच.

कल्याणची मंडळी दुपारच्या गाडीने आली. त्यांचं जानवसघर मुगभाटात, एका नातेवाइकाच्या बिऱ्हाडी. रिवाज असा की मुलीकडची माणसं वाजतगाजत जानवशावर जातात आणि नवऱ्याला मांडवात घेऊन येतात. नवरदेव मुंडावळ्या बांधून तयार बसला. व्याह्यांच्या घड्याळात साडेपाच झाले, पावणेसहा झाले, सहा झाले. न्यायला कोणी येईना. ही बाजू आम्हांला कळली ती अक्काच्या धाकट्या दिराकडून. त्यांना आम्ही भाऊकाका म्हणायचो. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे सव्वासहाला त्यांच्या आईने पहिलं वाक्य उच्चारलं, “आपल्याला बोलावलंय ना नक्की?” आणि सहा वीसला वडील उठले. मान गेला खड्ड्यात, मुहूर्त टळता कामा नये. नवऱ्याला घेऊन सगळं वऱ्हाड पायी निघालं. ना घोडा, ना व्हिक्टोरिया, ना वाजंत्री. मुंडावळ्या बांधलेला नवरा भर संध्याकाळी वाड्यावाड्यांतून भराभर चाललाय आणि गॅलऱ्यांतून बाया विचारताहेत, “कुणाचा हो?”

त्या वेळी फणसवाडीत पाच एकेचाळीस झाले होते. पाच पंचेचाळीसला, अगदी ठरल्या वेळी, पणजोबा सनई-चौघडा आणि सजवलेली व्हिक्टोरिया घेऊन निघाले. व्हिक्टोरिया गल्लीबोळांतून जाणार नाही, म्हणून ट्रामच्या रस्त्याने. वऱ्हाड येत होतं आतल्या वाड्यांतून. दोन्ही मिरवणुका एकमेकींना समांतर, उलट्या दिशांनी गेल्या. भाऊकाकांना सनईचा आवाज ऐकू आला होता. ते वडलांना म्हणाले, “आपलीच असेल.” वडील म्हणाले, “गिरगावात आज पन्नास लग्नं असतील.”

मांडवात कोण होतं? आचारी, वाढपी, पोरंटोरं आणि आजी. बायका आत अक्काला गौरीहरापाशी बसवण्याच्या गडबडीत, पुरुष सगळे मिरवणुकीबरोबर. पायघड्या घडी करून खुर्चीवर ठेवलेल्या. दारातच आचाऱ्याने मठ्ठ्याचं पिंप आडवं लावलेलं. आजीने दारात नवरा पाहिला आणि बोंब ठोकली, “नवरा आला! नवरा आला! पण आपली माणसं कुठायत?” मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने पिंपातून एक फुलपात्र भरून नवऱ्यापुढे धरलं. वऱ्हाडाचा पहिला सत्कार हा असा झाला. नवऱ्याने मठ्ठा पिऊन टाकला. अक्काचे यजमान पुढे आयुष्यभर म्हणत, की त्या दिवशी सासरवाडीत माझ्याशी नीट वागलेलं माणूस हे एकच.

वरमाय मात्र उंबऱ्याबाहेर थबकली. पायघड्या नाहीत, पाय धुवायला पाणी नाही, समोर मठ्ठ्याचं पिंप. तिने पदर खोचला नाही की आवाज चढवला नाही. ती नुसती उभी राहिली. त्या उभं राहण्याची नक्कल आजी फार सुरेख करायची. ऐंशीच्या घरातली म्हातारी ताडकन ताठ व्हायची आणि तिच्या चेहऱ्यावर कल्याणची विहीण उतरायची.

तिकडे मुगभाटात पणजोबा पोचले तर दाराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, “वऱ्हाड ना? गेलं की मघाशीच. रागावून गेलं.” रागावून हे तिच्या पदरचं. पण ‘गेलं’ आणि ‘रागावून’ हे दोन शब्द लग्नाच्या दिवशी मुलीच्या बापाच्या कानावर पडल्यावर दुसरा अर्थ उरत नाही. पणजोबांच्या आतेभावाने तिथल्या तिथे तर्क लढवला, की चांदीच्या ताटावरून अडलं असणार. एका पोराला पुढे धाडलं, घरी सांग म्हणून. आता घरी वऱ्हाड मांडवात बसलंय आणि पोरगं मागच्या दाराने आत शिरून पणजीला सांगतंय, “वऱ्हाड परत गेलं.” पणजीला भोवळ आली. आतल्या बायका रडायला लागल्या. त्या ओटीवर डोकावल्या असत्या तरी नवरा दिसला असता. आजी सांगायची, “मी ओरडून ओरडून सांगतेय, अगं तो बाहेर बसलाय, मठ्ठा पितोय! पण पोरीचं ऐकतंय कोण?”

पणजोबा घामाघूम परतले आणि दारात व्याह्यांसमोर उभे ठाकले. पहिलं वाक्य व्याह्यांचं. त्यांनी घड्याळ काढून पुढे धरलं, “सहा सदतीस. मुहूर्त गेला. आता बोला.” पणजोबांनी आपलं घड्याळ काढलं, “पाच अठ्ठावन्न.” दोघांनीही आधी समोरच्याचं घड्याळ कानाला लावून पाहिलं, बंद आहे का म्हणून. हा भाग दोन्ही घरांच्या गोष्टींत अगदी सारखा आहे, म्हणून तो मी खरा मानतो.

उलगडा होण्याआधी भांडण पुरेसं रंगलं. एकजण म्हणे सरकारची वेळ, दुसरा म्हणे शहराची वेळ. पोटापाण्याचे दोन धनी त्या चौकात दोन व्याह्यांच्या तोंडून भांडत होते. तेव्हा लग्न लावायला आलेले गुरुजी एक शब्दही न बोलता जिना चढून गच्चीवर गेले. खाली आले आणि म्हणाले, “सूर्य मलबार हिलवर अजून दोन बोटं आहे. दीड घटका वेळ आहे. गोरज अस्ताशी लागते, घड्याळाशी नव्हे.” त्यांच्याजवळ तांब्याचं घटिकापात्र होतं. तळाला बारीक भोक असलेली वाटी. पाण्यावर सोडली की चोवीस मिनिटांत भरून बुडते. दिवसाच्या अशा साठ घटका. ते पात्र ना रेल्वेचं ऐकत होतं, ना म्युनिसिपालिटीचं. सबंध मांडवात एवढी माणसं, पण पश्चिमेकडे बघावं हे कुणाला सुचलं नव्हतं. ऊन मात्र चांगलं चौकात उतरलेलं होतं.

मग दीड घटका हाताशी आहे म्हटल्यावर वरमाय म्हणाली, “तर मग रीतसर होऊ दे.” सगळं वऱ्हाड उठलं, नवऱ्यासकट गल्लीच्या तोंडाशी गेलं, तिथे त्याला व्हिक्टोरियात बसवलं, सनई सुरू झाली, पायघड्या अंथरल्या, विहिणीचे पाय धुतले, आणि वऱ्हाड दुसऱ्यांदा आलं. गल्लीतली पोरं हसत होती, मोठी माणसं गंभीर होती. फणसवाडीच्या घड्याळात सहा बत्तीसला अंतरपाट दूर झाला.

एवढ्यावर संपतं तर गोष्ट दोन पिढ्या टिकली नसती. जेवणाच्या पंगतीत व्याही विरघळले. जिलबीचा आग्रह चालला असताना त्यांनी सर्वांदेखत आपलं घड्याळ काढलं, काटे एकोणचाळीस मिनिटं मागे फिरवले आणि म्हणाले, “तुमच्या मांडवात तुमची वेळ.” टाळ्या पडल्या. निदान आजीचं असं म्हणणं. भाऊकाकांच्या आवृत्तीत काटे वडलांनी फिरवले नाहीत. पणजोबांनीच घड्याळ हातातून घेऊन ‘बघू या, कसं जुळतं’ म्हणून फिरवलं. या मुद्द्यावर दोन्ही घरं मला वाटतं अजून एकमेकांना सोडणार नाहीत.

कुणी का फिरवेना, परत कुणी फिरवलं नाही. कल्याणची गाडी रात्री दहा चाळीसची. पाठवणी, रडारड, झाल, आहेर, सगळं त्या मागे गेलेल्या घड्याळावर निवांत चाललं. पावणेदहाला वरात निघाली, बोरीबंदरला दहा दहाला पोचली, अर्धा तास हातात आहे म्हणून हमालाशी घासाघीस झाली. मग व्याह्यांची नजर वर स्टेशनच्या घड्याळाकडे गेली. दहा एकोणपन्नास. जन्मभर रेल्वेत काढलेल्या माणसाची गाडी चुकली, तीही सुनेच्या पहिल्या प्रवासात.

पुढची गाडी पहाटेची. फणसवाडीला परतायची सोय नव्हती. पाठवणी झालेली मुलगी त्याच रात्री माहेरचा उंबरा कसा ओलांडणार? तेव्हा नवरी, नवरा, करवल्या, ट्रंका, पाट, सगळं वेटिंग रूममध्ये. पोचवायला आलेले पणजोबाही तिथेच थांबले. मध्यरात्री भूक लागली तेव्हा रुखवताचे लाडू सोडले, चकल्या संपल्या, साखरेची फळं राहिली. रुखवत पाहायला कल्याणच्या शेजारणी जमणार होत्या, त्यांना रिकामी ताटं पाहावी लागली. दोन व्याही मात्र एका बाकावर बसून पहाटेपर्यंत बोलत होते. काय बोलले ते भाऊकाकांना आठवत नव्हतं, त्यांना झोप लागली होती. पण त्यानंतर त्या दोघांच्या पत्रांत वेळ लिहायची झाली की पुढे कंसात ‘मुं. टा.’ किंवा ‘स्टँ. टा.’ यायचंच. तशा दोन पत्रांचे तुकडे मी पाहिले आहेत. लग्नपत्रिकांवर तर ‘स्टँ. टा.’ मुंबईची वेळ गेल्यावरही कित्येक वर्षं छापलं जायचं. आपण ते वाचत होतो, कशाला ते विचारत नव्हतो.

शेवटच्या वर्षांत आजीच्या गोष्टीत फरक पडला. ती म्हणू लागली, लढाईचे दिवस होते आणि दोन घड्याळांत एक तास एकोणचाळीस मिनिटांचा फरक होता. हा तास खोटा नाही, फक्त तो त्या लग्नाचा नाही. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, सरकारने स्टँडर्ड टाइम आणखी एक तास पुढे केला होता. लोक ‘नवा टाइम’, ‘जुना टाइम’ म्हणायचे. आजीच्या आठवणीत तो तास सरकून अक्काच्या मांडवात शिरला. अक्काचा थोरला मुलगा १९३८ चा, तेव्हा लग्न लढाईच्या आधीचं हे नक्की. पण एका पिढीने तीन-तीन घड्याळं सांभाळली, हे त्या चुकीतूनच मला कळलं. बरोबर सांगितलं असतं तर मी विचारलंही नसतं.

त्या थोरल्या मुलाच्या जन्माचं टिपण गिरगावातलं, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून. त्यात वेळ आहे, पुढे कंसात काही नाही. बहुधा लिहिणाऱ्याने पत्र आणि टिपण यांत फरक केला असावा. त्याची पत्रिका एका ज्योतिषाने मुंबईची वेळ धरून मांडली, दुसऱ्याने स्टँडर्ड धरून, आणि दोघांची लग्नरास वेगळी आली. एक रास साधारण दोन तास उगवत असते. एकोणचाळीस मिनिटं हा तिचा तिसरा हिस्सा. मला पत्रिकेतलं काही कळत नाही आणि फारसा विश्वासही नाही. पण इतिहास म्हणून पाहिलं तरी तो कागद अर्धवट आहे.

असे कागद मुंबईत जन्मलेल्या हजारो माणसांच्या घरी असतील. तुमच्या ट्रंकेत १९५५ च्या आधीचं मुंबईचं जन्मटिपण, लग्नपत्रिका किंवा वेळ नोंदलेलं पत्र असेल, तर त्यावर वेळेपुढे काही लिहिलंय का ते आज पाहा. लिहिलेलं नसेल आणि घरात नव्वदीतलं कुणी असेल, तर त्यांना विचारून घ्या: वेळ स्टेशनातली की शहरातली? आणि उत्तर पेन्सिलीने त्याच कागदावर लिहून ठेवा.